बिनवायरीचा बुटका

सोमवार, ४ मार्च

सकाळी टेबलाशी आलो तर माझा कीबोर्ड जागेवर नाही. त्याच्या जागी एक बुटका. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन कापून टाकलेला, बाणांची बटणं गायब, वरची एफवाली रांग गायब. पाहुण्याला पाट द्यायचा सोडून पाटाचा तुकडा द्यावा तसं वाटलं. आणि वायर नाही.

मॅनेजरबाईंना विचारलं, "हे काय?"

"चाचणी आहे, मास्तर. पंधरा दिवस वापरून बघा. बरा वाटला तर खोलीत सगळ्यांना घेऊ."

"मग आधी मलाच का?"

"तुम्ही सगळ्यांत जुने. तुमचं मत आलं की प्रश्न मिटला."

गोड बोलण्यात बाई पटाईत आहेत. इस्पितळाच्या या अहवाल-खोलीत आम्ही सहाजण. डॉक्टर मंडळी रेकॉर्डरमध्ये बोलतात, आम्ही कानाला हेडफोन लावून ते टाइप करतो. मला इथे एकोणतीस वर्षं झाली. खोलीतल्या निम्म्या लोकांना मी टायपिंग शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. सहा टेबलं, पाच लांब कीबोर्ड, एक बुटका, आणि तो नेमका मास्तरांच्या पुढ्यात. याला चाचणी म्हणतात, पण चाचणी कोणाची ते अजून ठरायचंय.

एक पत्रक दिलंय. 'वापराचा अनुभव' आणि खाली चार ओळी. माझा अनुभव चार ओळींत मावणार नाही, आणि मावला तरी बाईंना वाचायला देण्यासारखा नसेल. म्हणून ही वही. पुढेमागे विषय निघाला तर तारीखवार पुरावा असलेला बरा.

मंगळवार, ५ मार्च

इस्पितळाचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगेला गृहस्थ आहे, त्याला आम्ही वायरवाला म्हणतो. त्यालाच विचारलं, "वायर नाही, तर माझी अक्षरं जातात कुठून?"

"हवेतून."

"आणि हवेत दुसरं कोणी ती वाचत असलं तर?"

तो हसला. उत्तर दिलं नाही. लिहून ठेवतो, उत्तर दिलं नाही.

डाव्या कोपऱ्यात निळा दिवा आहे. टाइप करताना गप्प असतो. मी थांबलो की थोड्या वेळाने लुकलुकायला लागतो. म्हणजे मी कधी थांबतो आणि किती वेळ थांबतो हे त्याला कळतं. त्याला कळतं म्हणजे आणखी कोणाला तरी कळत असणार.

बाण हवा असेल तर एफएन नावाचं बटण दाबून धरायचं आणि मग अक्षराचं बटण दाबायचं. म्हणजे एक ओळ वर जायला दोन हात. आणि मुख्य गोष्ट अशी की हा अक्षरं दोनदा उमटवतो. 'गुडघा' लिहिलं की 'गुडघघा'. 'उजवा' लिहिलं की 'उजजवा'. दर वेळी नाही, मधूनमधून. उजव्या हाताच्या बाजूला जास्त. माल सदोष आहे, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

गुरुवार, ७ मार्च

वायरवाल्याकडे तक्रार केली. तो आला, माझ्या खुर्चीत बसला, दोन परिच्छेद टाइप केले. एकही अक्षर दोनदा आलं नाही.

"तुमच्या हाताखाली येतं, माझ्या हाताखाली येत नाही," असं काहीतरी पुटपुटला. मग शेजारणीला बसवलं. तिनेही टाइप केलं. स्वच्छ.

शेजारीण म्हणजे माझ्या डावीकडच्या टेबलावरची. अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हा दोन बोटांनी टाइप करायची. दहाही बोटं मी तिच्याकडून गिरवून घेतली. आज माझ्याखालोखाल खोलीत तिचाच हात चालतो. तिने टाइप केलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि म्हणाली, "मास्तर, जरा हलक्या हाताने बघा. बटण सोडताना बोट पूर्ण उचला."

मला शिकवते!

जेवणाच्या सुट्टीत बुटक्याचं खोकं कपाटावर सापडलं. आत मागणीचा कागद होता. 'मागणी करणाराचं नाव' समोर शेजारणीचं नाव. कारण म्हणून लिहिलंय, 'मनगटास त्रास'. तिच्या मनगटाला त्रास, तिने मागवला आणि आला माझ्या टेबलावर! हे सरळ आहे असं कोणी म्हणून दाखवावं.

शुक्रवार, ८ मार्च

आज पाळत ठेवली. आमच्याकडे टाइप झालेला अहवाल अर्धा तास 'तयार' नावाच्या खणात पडून राहतो आणि मग आपोआप डॉक्टरांकडे सहीला जातो. काही राहिलं असेल तर ज्याचं त्याने त्या अर्ध्या तासात बघावं, अशी सोय. दुसऱ्याचा अहवाल उघडायचा नाही, हा नियम. मोडला तर नोकरी जाते, एकाची गेलीही आहे.

तर मी अहवाल संपवून खणात टाकला की शेजारणीची टकटक थांबते. मग ती नुसती वाचत बसते. आठ-दहा मिनिटं. मग पुन्हा टकटक. सकाळपासून सहा वेळा झालं. कॉम्प्युटरचा पडदा माझ्या बाजूने तिरपा करून ठेवलाय, दिसत नाही.

मुख्य टंकलेखकाची जागा या वर्षी भरणार आहेत. माझी आहे, पण कागदावर अजून नाही.

रविवार, १० मार्च

घरी. ही शिवणकाम करते, सुट्टीच्या दिवशीही मशीन चालूच. आज कपाट उघडलं तर माझ्या चारही शर्टांची बटणं काढून तिने आतून टिचबटणं लावलेली. वरून खोटी बटणं शिवलीत, दिसायला जसंच्या तसं.

"हे काय नवीन?"

"पटकन लागतात. सकाळी तुमची घाई होते."

"माझी कसली घाई? मी एकोणतीस वर्षं वेळेवर जातोय."

तिने शर्ट परत टांगले. मग म्हणाली, "रागावलात का?"

"नाही."

"मग चेहरा असा का केलाय?"

मी कसाही केलेला नव्हता. हल्ली हे तिचं रोजचं झालंय. मी मजेत असलो तरी विचारते, रागावलात का. ती मला कशासाठी तरी चाचपते आहे असं वाटतं.

दुपारी दूध करपलं. मी स्वयंपाकघरात शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होतो. ही धावत आली, म्हणाली, एवढा वास सुटलाय आणि तुम्हाला पत्ता नाही? खरं तर वास नव्हताच. बायका उगाच वाढवून सांगतात.

सोमवार, ११ मार्च

फाटकावरचा पहारेकरी आज म्हणाला, "मास्तर, उजव्या हातात काय लपवलंय?"

"म्हणजे?"

"डावा हात झुलतो, उजवा नुसता चिकटलेला. मला वाटलं काही घेऊन चाललात की काय."

हसत म्हणाला, पण असं कोणी उगीच म्हणत नाही. त्याला कोणी तरी सांगितलं असणार, याच्यावर लक्ष ठेव म्हणून. मी हात उघडून दाखवला. रिकामा होता. बरा अपमान झाला.

अक्षरं दोनदा येणं चालूच. आज आकडेही.

बुधवार, १३ मार्च

आज मोठाच धागा हाती आला.

हिच्या मोबाइलवर कापडवाल्याचा नंबर शोधत होतो. आलेल्या फोनांत शेजारणीचं नाव. एकदा नाही, या महिन्यात चार वेळा. एकदा तर सतरा मिनिटं. माझी बायको आणि माझी शेजारीण सतरा मिनिटं काय बोलतात?

विचारलं. ही म्हणाली, "ब्लाउज शिवायचाय तिला."

"कापड दाखव."

"अजून दिलं नाही."

सतरा मिनिटं बोलणं आणि कापडाचा पत्ता नाही. मी पुढे काही विचारलं नाही. आपण काही जाणतो हे कळू न देणं, हेच शहाणपणाचं.

तेवढ्यात हिने वहीत डोकावलं. म्हणाली, "एवढं बारीक? मुंग्यांची रांग चाललीय जणू. पूर्वी तुमचं अक्षर कसं टपोरं होतं."

वही मिटली. बारीक लिहिलं की कागद कमी लागतो, त्यात हिचं काय जातं?

गुरुवार, १४ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांचे नऊ अहवाल. चौदा वर्षं त्यांचा आवाज कानात आहे, माणूस मात्र लिफ्टमध्येही ओळखणार नाही. 'तथापि' म्हणायच्या आधी एक आवंढा गिळतात, एवढी ओळख. वाक्यं तीच ती. 'विश्रांतीच्या अवस्थेत हाताला कंप. चालताना एका हाताची हालचाल कमी. हस्ताक्षर बारीक झाले आहे. चेहऱ्यावरील भाव कमी.' अर्ध्या झोपेतही टाइप होईल. त्यांतल्या एकाच अहवालात बुटक्याने सात ठिकाणी घोळ घातला. मी बसून सुधारला. पूर्वी तासाला पाच व्हायचे, आता तीन.

एक कबूल केलं पाहिजे. मनगट पूर्वीइतकं दुखत नाही. उजवा हात आकड्यांसाठी आणि माउससाठी लांब जायचा, तो आता समोरच राहतो. पण विषाच्या बाटलीला सुद्धा छान झाकण असतं.

शनिवार, १६ मार्च

शेजारीण सोमवारपासून आठवडाभर रजेवर. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. निघताना माझ्या टेबलापाशी घुटमळली.

"मास्तर, एक सांगू? मी नाहीये तोवर आकडे दोनदा बघत जा."

"का? तू असलीस की आकडे आपोआप बरोबर येतात वाटतं?"

तिचा चेहरा पडला. "तसं नाही. सहज म्हटलं."

सहज! धमकी कशी सहज देतात ते आज कळलं. काय पेरून चाललीय कोण जाणे.

मंगळवार, १९ मार्च

जे भाकीत केलं होतं ते झालं.

अकरा वाजता मुलांच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. हातात कागद. "हा कोणी टाइप केला?"

मी बघितला. तीन वर्षांच्या मुलीचा अहवाल. तापाचं औषध, '२२.५ मिली, दिवसातून दोनदा'.

"मी दोन पूर्णांक पाच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त भीती वाटली. "घाईत सही केली, ती माझी चूक. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने आईला थांबवलं, फोन केला, म्हणून बरं. नाहीतर त्या बाईने घरी जाऊन पाजलं असतं."

दुपारपर्यंत आणखी दोन कागद परत आले. एकात 'वय ६' ऐवजी '६६', दुसऱ्यात गुडघ्याच्या ओळीत अक्षरांचा नुसता लगदा.

गेल्या कित्येक महिन्यांत माझा एक कागद परत आला नव्हता. शेजारीण रजेवर गेली आणि दोन दिवसांत तीन. इतकं सरळ दिसतंय की लहान मूलही सांगेल. ती जाताना काहीतरी करून गेलीय.

त्या आईचा चेहरा मी बघितलेला नाही, तरी दिवसभर दिसत राहिला.

बुधवार, २० मार्च

लेखी तक्रार केली. 'माझ्या अहवालांत बाहेरून ढवळाढवळ होत असल्याचा मला दाट संशय आहे. कोणाकोणाने माझे अहवाल उघडले याची नोंद काढावी.' शेजारणीचं नाव स्पष्ट लिहिलं. मॅनेजरबाईंनी दोनदा वाचलं.

"मास्तर, हे दिलंत की मला चौकशी करावीच लागेल. विचार केलाय ना?"

"एकोणतीस वर्षांचा केलाय."

वायरवाल्याला सांगितलं. तो उद्या नोंद काढून देतो म्हणाला. कीबोर्डाचं पत्रक राहिलंय याची बाईंनी आठवण करून दिली. म्हटलं, नोंद बघितली की देतो.

गुरुवार, २१ मार्च

नोंद आली. माझा संशय खरा निघाला. शेजारणीने माझे अहवाल उघडले आहेत. रोज. गेल्या ऑगस्टपासून.

वायरवाल्याने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "एका बाजूला तुम्ही खणात टाकलेला अहवाल, दुसऱ्या बाजूला तिने बंद केला तेव्हाचा. काय बदललं त्याखाली रेघ आहे." तो माझ्याकडे बघत नव्हता. "निवांत बघा," म्हणाला आणि गेला.

मी लाल पेन घेऊन बसलो. तिने काय बिघडवलं ते शोधायला.

पहिलं पान. डावीकडे, माझं, 'उजजव्या फुप्फुसाात'. उजवीकडे, तिचं, 'उजव्या फुप्फुसात'. दुसरं पान. माझं '११०० मिलिग्रॅम', तिचं '१०० मिलिग्रॅम'. तिसरं, चौथं. मी पानं उलटत गेलो. लाल पेनाचं टोपण काढलेलंच राहिलं. एके ठिकाणी मी पूर्ण ओळ गाळली होती, तिने हेडफोन लावून ती ऐकून भरली होती. एकही जागा अशी सापडली नाही की जिथे माझं बरोबर होतं आणि तिने चुकीचं केलं.

मग तारखा बघितल्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तेव्हा बुटका नव्हता. तेव्हा माझा तोच जुना लांब कीबोर्ड होता, ज्याच्यावर माझा एवढा जीव. दोनदा येणारी अक्षरं तेव्हाही होती, फेब्रुवारीत तर ओळीओळीला. मार्चमध्ये कमी झालेली दिसतात. निम्म्याने कमी.

इतके दिवस मी बुटक्यावर राग काढला. आणि तो मला सावरत होता.

उजवा हात टेबलावर ठेवला आणि नुसता बघत बसलो. काहीच करत नसताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, गोळी वळल्यासारखी. मी वळत नव्हतो. आपोआप.

शुक्रवार, २२ मार्च

गप्प बसलो. लिहायला लाज वाटते, पण ही वही खरं लिहायलाच आहे.

बाईंनी विचारलं, "नोंद बघितलीत? तिने अहवाल उघडलेत एवढं पुरेसं आहे. सोमवारी ती रजेवरून येईल, तेव्हा बोलावते. काय बदललं हे मी अजून बघितलेलं नाही, बघायची गरजही नाही. नियम तो नियम."

मी म्हणालो, "हं."

एवढंच. 'हं.' तिची नोकरी जाईल, जागा मला मिळेल, चुका तिच्या नावावर जातील आणि कोणाला काही कळणार नाही. हा हिशेब मी उभ्या उभ्या डोक्यात केला. मग घरी येऊन वरणभात जेवलो, चवीने जेवलो असं म्हणणार होतो, पण चव लागत नाही. बऱ्याच दिवसांपासून लागत नाही. तेही आजच लक्षात आलं.

रविवार, २४ मार्च

हिच्यापुढे हात धरला. म्हटलं, "हे तुला माहीत होतं?"

ती मशीनवरून उठली. हातातली सुई कापडात खोचली. "दिवाणावर बसून टीव्ही बघता तेव्हा होतं. झोपलात की थांबतं. पावसाळ्यापासून बघतेय."

"मला का नाही बोललीस?"

"तीनदा म्हटलं डॉक्टरांकडे जाऊ. तुम्ही म्हणालात, मी रोज डॉक्टरांमध्येच असतो." तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या हातात तो थांबला. "शर्टाचं वरचं बटण लावायला तुम्हाला किती वेळ लागायचा ते आरशात बघत होते. एकदा तुम्ही चिडून बटणच तोडलंत. म्हणून टिचबटणं लावली."

"आणि शेजारणीचे फोन?"

"पहिला मीच केला. ऑफिसात कसे असतात म्हणून विचारायला. ती म्हणाली, वहिनी, काळजी करू नका, कागद मी बघते. तो छोटा कीबोर्ड पण तिनेच शोधून काढला. तुमच्या नावाने मागवला असता तर तुम्ही हात लावला नसतात, म्हणून स्वतःचं मनगट पुढे केलं."

मी हात तिच्याच हातात राहू दिला. मग म्हटलं, "मी तिची तक्रार केलीय. लेखी."

हिने माझा हात सोडला. मग पुन्हा धरला, पण मधला तो एक क्षण मला कळला.

सोमवार, २५ मार्च

दहा वाजता शेजारणीला आत बोलावलं. मलाही. ती तशीच पर्स खांद्याला अडकवून उभी. मॅनेजरबाईंनी तक्रार वाचून दाखवली. माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कान तापले.

"तुम्ही मास्तरांचे अहवाल उघडत होतात?"

"हो."

"का?"

ती जमिनीकडे बघत राहिली.

"कारण सांगा. नाहीतर मला पुढचं करावं लागेल."

"कारण काही नाही," ती म्हणाली. "शिकवलेलं त्यांनीच ना, त्यांचं वाचायची सवय होती."

नोकरी जात असतानाही तिने माझ्या हाताचा विषय माझ्यापुढे काढला नाही.

मी खिशातून चाचणीचं पत्रक काढलं. सकाळीच भरलं होतं. चार ओळी पुरल्या. बाईंना म्हटलं, "आधी हे वाचा."

त्यांनी मोठ्याने वाचलं. 'कीबोर्ड उत्तम आहे. अक्षरं दोनदा येतात ती माझ्या हाताच्या कंपामुळे, गेल्या ऑगस्टपासून. माझ्या सर्व चुका शेजारच्या टेबलावरून सुधारल्या जात होत्या. ज्या आठवड्यात सुधारल्या गेल्या नाहीत, त्या आठवड्यात एका मुलीला नऊपट औषध जाणार होतं. तक्रार मागे घेतो.'

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? टायपिंगवर नाही ठेवता येणार."

"कळतो."

"आणि हिने नियम मोडला तो मोडलाच. लेखी ताकीद द्यावीच लागेल."

"द्या," शेजारीण म्हणाली. "पण चांगल्या कागदावर द्या, जपून ठेवीन."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "मला तोंडावर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचे स्वल्पविराम बघ." डोळे पुसत होती आणि हसत होती. "आणि तुमचं खोटं नव्हतं, स्वल्पविराम माझे अजूनही चुकतात."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मास्तर, नको. आज नको. आज मला रडायला वेळ नाही, आठवड्याचं काम पडलंय."

गुरुवार, २८ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांना भेटलो. चौदा वर्षांनी आवाजाला चेहरा मिळाला. किरकोळ, टक्कल पडलेले, मला वाटलं होतं त्याहून तरुण. त्यांनी एक ओळ लिहायला सांगितली. बोटं आपटायला सांगितली. व्हरांड्यात चालायला लावलं. पुढे काय सांगणार ते मला आधीच ठाऊक होतं. ही दाराशी उभी होती.

काही आडपडदा न ठेवता सांगितलं. बरा होणारा आजार नाही. औषधाने बरीच वर्षं हात ताब्यात राहील, किती ते आज सांगता येणार नाही. आणखी तपासण्या आहेत. हिने दोन प्रश्न विचारले, दोन्ही मला सुचले नव्हते.

मग त्यांनी रेकॉर्डर उचलला. "तुमच्यासमोरच बोललो तर चालेल ना?"

"बोला. सवय आहे."

'छप्पन्न वर्षांचे गृहस्थ,' त्यांनी सुरुवात केली. पुढची तीन वाक्यं मी त्यांच्या आधी मनात म्हटली. चौथ्या वाक्याआधी त्यांनी आवंढा गिळला. 'तथापि, रुग्णाची समज आणि स्मरणशक्ती उत्तम आहे.'

ते मात्र मला आधी सुचलं नव्हतं.

मंगळवार, २ एप्रिल

आजपासून माझं काम बदललं. खणातला प्रत्येक अहवाल बाहेर जाण्याआधी मी हेडफोन लावून ऐकायचा, पडद्यावरच्याशी ताडून बघायचा. जे ती चोरून करत होती ते आता मी उघड करतो, सहाही जणांचं. मुख्य टंकलेखकाच्या जागेसाठी बाईंनी मला विचारलं, मी शेजारणीचं नाव दिलं. त्यांनी ताकीद आणि शिफारस एकाच फाइलला लावली, म्हणाल्या, असं पहिल्यांदाच होतंय. बुटका माझ्यापुढेच आहे. निळा दिवा बॅटरीचा असतो, असं वायरवाल्याने आज सांगितलं. एवढंच आधी सांगायला काय झालं होतं?

साडेअकराला शेजारणीने हेडफोन कानावरून खाली केला. "मास्तर, मेंदूच्या डॉक्टरांचा आलाय. तुमचा आहे. मी दुसऱ्या कोणाला देऊ का?"

"नको. तूच कर."

ती टाइप करत होती. मी माझ्या पडद्याकडे बघत राहिलो, पण कान तिच्या बटणांवर. मध्येच थांबली, नाक ओढलं, पुन्हा चालू झाली. पंधरा मिनिटांनी अहवाल खणात पडला.

मी हेडफोन लावला आणि ओळीवर ओळ ताडत गेलो. माझं वय, माझी चाल, माझं अक्षर. पहिल्या दोन ओळींत कुठेही अडखळलो नाही. तिसऱ्या ओळीत थांबलो. आवाज मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तिसरी ओळ बघ. डाव्या हाताला कंप असं लिहिलंयस. उजव्या कर."

तिने पडद्याकडे बघितलं. "हो. उजव्या."

"आणि तथापिनंतर स्वल्पविराम."

तिने दोन्ही केलं. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकलं, ताडलं आणि पाठवून दिलं.